चेहऱ्याला इंजेक्शन घेण्याआधी: बोटॉक्स, फिलर आणि ग्लुटाथायोनबद्दल त्वचारोगतज्ज्ञाचं सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: "माझं वय ४१. दीड महिन्यावर पुतणीचं लग्न आलंय. भुवयांच्या मध्ये दोन उभ्या रेघा पडल्यात, त्यामुळे मी सतत रागावल्यासारखी दिसते. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घड्या आल्यात आणि दोन्ही गालांवर वांग आहे. घराजवळच्या ब्यूटी पार्लरमध्ये बोटॉक्स, फिलर आणि ग्लुटाथायोनच्या सहा ड्रिप असं पॅकेज सांगितलंय. सगळं सेफ आहे, साइड इफेक्ट काहीच नाही, असं त्या म्हणतात. घ्यावं का?"

आधी थेट उत्तर देते. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्स घ्यायला हरकत नाही, त्याचा गुण चांगला येतो. घड्यांसाठी फिलर घेता येईल, पण तो कोण टोचतंय यावर सगळं अवलंबून आहे. रंग उजळवण्यासाठी शिरेतून देतात त्या ग्लुटाथायोनच्या ड्रिप घेऊ नका. वांगावर सुई हा पहिला उपाय नाहीच. आणि यातलं काहीही पार्लरमध्ये करून घेऊ नका, कितीही ओळखीचं असलं तरी. "साइड इफेक्ट काहीच नाही" असं जिथे सांगतात तिथे सुईसाठी चेहरा पुढे करू नये, कारण ज्यांना धोका माहीत नाही त्यांना तो ओळखताही येत नाही आणि निस्तरताही येत नाही.

आता कारणं. आपल्याकडे चेहऱ्यावर दिलेल्या कुठल्याही इंजेक्शनला सर्रास बोटॉक्स म्हणतात. प्रत्यक्षात ही अगदी वेगवेगळी औषधं आहेत, त्यांचे फायदे वेगळे आणि धोकेही वेगळे. प्रत्येकाच्या बाबतीत मी रुग्णांना एकच गोष्ट विचारायला सांगते: हे बिघडलं तर परत फिरता येईल का, आणि परत फिरवणारं औषध व ते देणारा माणूस त्याच खोलीत आहे का?

बोटॉक्सपासून सुरुवात करू. हे बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूपासून मिळणारं विष. ऐकून धास्ती वाटते, पण वैद्यकात ते सौंदर्यासाठी आलंच नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी ते वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स नेत्रतज्ज्ञ, तर त्यांचे पती ॲलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या रेघा जातात हे जीन यांच्या लक्षात आलं, आणि १९९२ मध्ये दोघांनी मिळून त्यावर निबंध प्रसिद्ध केला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेतली मान्यता आली २००२ मध्ये. इतक्या वर्षांच्या वापरामुळे त्याचे गुणदोष आज आपल्याला नीट माहीत आहेत.

त्याचं काम असं चालतं. स्नायू आकसण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटावं लागतं. टॉक्सिन ते सुटू देत नाही. स्नायू सैल पडतो आणि वरच्या त्वचेला घडी पडायची थांबते. तुमच्या तक्रारीसाठी साधारणपणे ५ जागी मिळून २० युनिट लागतात: मध्यभागी एक, प्रत्येक भुवईच्या आतल्या टोकाशी एक आणि त्याच्या किंचित वर बाहेरच्या बाजूला एक. मी आधी रुग्णाला जोरात कपाळावर आठ्या घालायला सांगते. स्नायू बोटाखाली कुठे उचलला जातो, कुठे संपतो हे चाचपून खुणा करते. बाहेरच्या खुणा डोळ्याच्या खोबणीच्या हाडापासून बोटभर तरी वर ठेवते. औषध त्याखाली उतरलं तर वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं आणि एक डोळा अर्धवट मिटलेला दिसू लागतो.

पापणी खाली येणं हा या जागेचा सगळ्यांत त्रासदायक दुष्परिणाम. पण तो कायमचा नसतो, काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, आणि तोवर पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर उचलणारे थेंब देता येतात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात असं झालं तर मात्र फोटोंमध्ये ते कायमचंच राहणार, म्हणून वेळ महत्त्वाची. त्याबद्दल शेवटी लिहिते.

गुण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता येतो आणि तीन-चार महिने टिकतो. "एकदा घेतलं की सोडता येत नाही, सोडलं की दुप्पट सुरकुत्या येतात" ही भीती फार जणींना असते. ती निराधार आहे. असर उतरला की चेहरा पूर्वी होता तसा होतो. उलट चेहरा अगदी स्थिर असतानाही रेघ खोल दिसत असेल, तर एका वेळच्या बोटॉक्सने ती पूर्ण जाणार नाही, फक्त उथळ होईल. हे आधी सांगायला हवं.

बोटॉक्सचा मला सर्वांत जास्त समाधान देणारा उपयोग मात्र सुरकुत्यांचा नाही. काखेत इतका घाम येतो की ऑफिसला जाताना दुसरा शर्ट बरोबर न्यावा लागतो, अशी माणसं असतात. प्रत्येक काखेत ५० युनिट त्वचेत पसरून दिली की सहाएक महिने घाम जवळपास बंद होतो. तळहातांनाही देता येतं, पण ते खूप दुखतं आणि काही आठवडे पकड थोडी कमजोर होऊ शकते. शिवणकाम, तबला, बारीक हत्यारांचं काम करणाऱ्यांनी हे विचारात घ्यावं.

मग धोका कुठे आहे? बाटलीत आणि हातात. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडामध्ये माणसांसाठी परवाना नसलेलं, कैक पटींनी तीव्र टॉक्सिन टोचल्यामुळे चौघांना खराखुरा बोट्युलिझम, म्हणजे या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार झाला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. २०२४ मध्येही तिथे अनेक राज्यांत बनावट टॉक्सिनमुळे लोक आजारी पडले. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास, आवाज बसणं, मान न धरणं, दम लागणं ही विष अंगभर पसरल्याची लक्षणं आहेत. असं काही जाणवलं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. कोरड्या पुडीच्या रूपात येतं आणि रुग्णासमोर सलाइन घालून पातळ करता येतं. तुमच्यासमोर बाटली फोडायला, तिच्यावरचं नाव, बॅच नंबर, मुदत दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथून निघा. आणखी एक: वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं एकसारखी नसतात. एका ब्रँडची २० युनिट म्हणजे दुसऱ्याची २० नव्हेत. युनिटमागचा भाव कमी दिसला की हा हिशेब करून पाहावा.

मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, टोचायच्या जागी पुळ्या किंवा संसर्ग असेल तर बोटॉक्स घेऊ नये. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तरी थांबावं, कारण त्यांनी परिणाम वाढतो.

आता फिलर. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे धोका वेगळ्याच जातीचा आहे. फिलर स्नायूला हात लावत नाही, रिकामी जागा भरतो. वयाबरोबर गालातली चरबी कमी होते, हाड झिजतं, गाल खाली सरकतात आणि नाकापासून ओठांपर्यंतची घडी गडद होते. आज सर्वांत जास्त वापरला जाणारा फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचा. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतवून घट्ट जेल केलेलं असतं, म्हणून तो लगेच विरत नाही. जागेनुसार आणि जेलच्या घट्टपणानुसार साधारण ६ ते १८ महिने टिकतो. त्याचा सर्वांत मोठा गुण हा की हायल्युरोनिडेज या विकराने (एन्झाइमने) तो विरघळवता येतो. म्हणजे परत फिरायची वाट आहे.

फिलरचा खरा फायदा बघायचा तर एचआयव्हीच्या जुन्या औषधांनी, विशेषतः स्टॅव्युडिनने, गालफडं बसलेले रुग्ण आठवावेत. औषधांमुळे ते जगले, पण चेहऱ्यावरून आजार ओळखू येईल या भीतीने घराबाहेर पडेनासे झाले. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडच्या फिलरला अमेरिकेत २००४ मध्ये पहिली मान्यता मिळाली ती याच कारणासाठी. मुरमांचे खोल खड्डे, अपघातानंतरचे खोलगट वण यांतही फिलर खूप काही देऊन जातो. म्हणून "हे सगळे श्रीमंतांचे चोचले" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

धोका असा. चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि त्यातल्या काही थेट डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या आहेत. जेल चुकून धमनीत शिरलं तर पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्वचेचा तो भाग आधी पांढराफटक होतो, मग जाळीसारखे निळसर-जांभळे डाग उमटतात, पुढे पुरळासारख्या पांढऱ्या पुळ्या येतात आणि नंतर कातडी काळी पडून झडते. दाब जास्त दिला तर जेल उलट दिशेने ढकललं जाऊन डोळ्याच्या पडद्याच्या धमनीत पोचू शकतं आणि क्षणात दृष्टी जाते. पडदा रक्ताविना फार तर तास-दीड तास तग धरतो, त्यामुळे गेलेली दृष्टी परत मिळणं दुर्मीळ. हे क्वचित घडतं, पण घडतं. नाक, भुवयांमधली जागा, कपाळ आणि नाकालगतची घडी या जागा यात सर्वांत जोखमीच्या. तुमच्या यादीत त्यातली एक आहे, म्हणून स्पष्ट सांगते.

टोचल्यावर मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही घरी बघता येईल. त्या जागेवर बोटाने पाच सेकंद दाब द्यायचा आणि सोडायचा. पांढरी पडलेली त्वचा दोनेक सेकंदांत पुन्हा भरून आली पाहिजे. शेजारच्या बाजूपेक्षा उशीर लागत असेल, किंवा रंग डागाळलेला दिसत असेल, किंवा सूज नसताना दुखणं वाढतच चाललं असेल, तर ते "थोडं निळं पडलंय, बर्फ लावा" असं म्हणून सोडायचं नाही. साधा मुका मार एका ठिकाणी असतो आणि दिवसागणिक पिवळा पडत जातो. अडलेल्या रक्ताचे डाग फिलर दिलेल्या जागेपासून लांबही, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर किंवा वरच्या ओठावर उमटू शकतात. सावळ्या रंगावर ते पटकन नजरेत भरत नाहीत, म्हणून चांगल्या उजेडात, दोन्ही बाजू ताडून बघावं. अशा वेळी हायल्युरोनिडेज भरपूर मात्रेत द्यावं लागतं, एकदा देऊन भागत नाही, रंग परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा द्यावं लागतं. ज्यांच्याकडे त्याच्या कुप्या त्याच दिवशी, त्याच कपाटात नाहीत त्यांनी फिलर टोचू नये आणि तुम्ही टोचून घेऊ नये. पार्लरमध्ये विचारून बघा. हे नावही माहीत नसेल तर तुमचा निर्णय तिथेच झाला.

फिलरचे इतर त्रास लहान आहेत: सूज, काळंनिळं पडणं, गाठी लागणं. डोळ्यांखाली फार उथळ दिला तर त्वचेतून निळसर झाक दिसते. आपल्याकडची काळी वर्तुळं बहुतेकदा रंगद्रव्याची असतात, खळगीची नसतात. तिथे फिलर भरून काळेपणा जात नाही, वर निळेपणाची भर पडते. काही महिन्यांनी, एखादा ताप किंवा दातांचा संसर्ग झाल्यावर गाठ सुजून येणं हाही प्रकार दिसतो, म्हणून दातांचं मोठं काम आणि फिलर यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. ओठांवर वारंवार तापाचे फोड (हर्पिस) येत असतील तर आधी सांगा, सुईने ते पुन्हा उफाळतात आणि त्यासाठी गोळ्या आधीपासून द्याव्या लागतात.

कायमस्वरूपी फिलर, म्हणजे द्रव सिलिकॉनसारखे पदार्थ, कुणी "एकदाच खर्च" म्हणून सुचवले तर ठाम नकार द्या. चेहरा वयाबरोबर बदलतो, सिलिकॉन बदलत नाही. कित्येक वर्षांनंतरही त्याभोवती कठीण गाठी तयार होतात आणि मग शस्त्रक्रियेशिवाय, म्हणजे नव्या वणाशिवाय, मार्ग उरत नाही.

आता ग्लुटाथायोन. ग्लुटाथायोन आपल्या पेशीतच असतं. त्याने मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याचा, प्रकार बदलू शकतो ही प्रयोगशाळेतली गोष्ट, पण शिरेतून दिलेल्या ग्लुटाथायोनने माणसाचा रंग टिकाऊपणे उजळतो याला भरवशाचा पुरावा नाही. असर दिसलाच तर ड्रिप बंद झाल्यावर तो टिकत नाही, म्हणून तर सहाच्या बारा आणि बाराच्या चोवीस होतात. फिलिपिन्समध्ये याचं वेड फार, आणि तिथल्या औषध प्रशासनानेच २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांना याविरुद्ध सावध केलं: त्वचेच्या गंभीर ॲलर्जी, थायरॉइड व मूत्रपिंडाचे बिघाड, अस्वच्छ सुयांमधून होणारे संसर्ग. शिरेतून दिलेल्या कुठल्याही औषधाने ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी, होऊ शकतो, आणि पार्लरच्या खुर्चीत ॲड्रिनालिन कोण देणार? या ड्रिपमध्ये बहुधा व्हिटॅमिन सीचा मोठा डोस मिसळलेला असतो. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या, जी पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत जास्त आढळते, तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांमध्ये त्याच डोसमुळे ऑक्झलेटचे स्फटिक साचून मूत्रपिंड आणखी बिघडू शकतं.

आणि मनापासून एक सांगते. लग्न ठरलेल्या मुलींना त्यांच्या आया, कधी होणाऱ्या सासवा, "रंग जरा उजळला तर बरं" म्हणून घेऊन येतात. निरोगी सावळ्या त्वचेत दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही. तिच्यासाठी शिरेत सुई घालायला मी नकार देते आणि त्याचं कारण मुलीसमोर, मोठ्याने सांगते.

तुमचं वांग हा मात्र खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ऊन, उष्णता, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांचा तो खेळ. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची बारीक इंजेक्शनं त्यात कधीकधी देतो, पण सनस्क्रीन आणि मलमांनी भागत नाही तेव्हाच. आपल्या त्वचेला सुई, लेझर, पील कशाचाही राग आला की ती काळा डाग ठेवून जाते. घाईने केलेल्या उपचारांनी वांग वाढलेलं मी नेहमी बघते.

तुमच्या प्रश्नात नसलेल्या, पण पॅकेजात हळूच घातल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग परत टोचणं. केस विरळ होण्यात काहींना बरा गुण येतो, चेहऱ्याच्या तेजासाठी पुरावा तोकडा आहे. स्वतःचं रक्त म्हणून ॲलर्जी नाही, पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये अशाच उपचारातून काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केलं. तुमचं रक्त तुमच्यासमोर काढलं, नळीवर तुमचं नाव लिहिलं आणि किट नवीन फोडलं, हे डोळ्यांनी बघा. मेसोथेरपीची (त्वचेत बारीक सुयांनी टोचायच्या मिश्रणांची) नाना कॉकटेल्स, सॅल्मन माशाचा डीएनए, एक्सोसोम (पेशींतून सुटणारे सूक्ष्म कण) यांच्या बाबतीत बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. वरून लावायचा पदार्थ टोचला जाताना दिसतो. अशा टोचण्यांनंतर तीन-चार आठवड्यांनी जागोजाग लाल गाठी आल्या आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने हलल्या नाहीत, तर पाण्यातून येणाऱ्या मायकोबॅक्टेरियाचा (क्षयाच्या जिवाणूच्या जातीचे, पण क्षय न करणारे जिवाणू) संसर्ग मनात आणावा लागतो. त्याचे उपचार महिनोन्‌महिने चालतात.

याउलट स्वस्त, जुनं आणि फारसं कुणी जाहिरात न करणारं इंजेक्शन म्हणजे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड. कान टोचल्यावर वाढलेला किंवा छातीवरच्या पुळीतून पसरलेला केलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड वण, त्याने मऊ होतो, खाज थांबते. दर चार आठवड्यांनी द्यावं लागतं. मात्रा चुकली तर त्वचेला खळगा पडतो आणि पांढरा डाग उमटतो, काहींची पाळी एखादा महिना मागेपुढे होते. घरात कुणाला केलॉइड होत असतील तर चेहऱ्याच्या उपचारांआधीही ते डॉक्टरांना सांगा.

कोणाकडे जायचं? त्वचारोगातलं एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल असलेले किंवा प्लॅस्टिक सर्जन. नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. भिंतीवरचं "कॉस्मेटॉलॉजी"चं अल्प मुदतीचं सर्टिफिकेट म्हणजे वैद्यकीय पदवी नव्हे. संमतीपत्र मराठीत मागा आणि सही करण्याआधी घरी नेऊन वाचा. आधीचे फोटो काढून घ्या. बाटलीवरचं स्टिकर तुमच्या फाइलमध्ये चिकटवलं पाहिजे. रात्री दोनला दुखलं तर कोणाला फोन करायचा, तो नंबर घ्या.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनी काळंनिळं पडणं वाढतं. पण हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन चेहऱ्यासाठी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

तुमच्या हातात दीड महिना आहे, म्हणजे वेळ पुरेसा आहे, दवडण्याइतका नाही. या आठवड्यात तज्ज्ञांना भेटा. बोटॉक्स लग्नाच्या चार आठवडे आधी घ्या, म्हणजे दोन आठवड्यांनी परत दाखवून कमी-जास्त नीट करता येईल. फिलर घ्यायचा ठरलाच तर तोही चार आठवडे आधी, आणि पहिल्या वेळी थोडाच. लग्नाच्या आधीच्या दोन आठवड्यांत चेहऱ्यावर नवीन काहीही करू नका, फेशियलसुद्धा. वांगासाठी भेटीची वाट बघायची गरज नाही: एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, कारण वांग नुसत्या उन्हाने नाही तर दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं. दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, सकाळी एकदा आणि बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. पार्लरमध्ये दिलेली गोरेपणाची क्रीम चालू असेल तर ट्यूब भेटीला बरोबर घेऊन जा, त्यात स्टेरॉइड आहे का ते आधी बघावं लागेल.